पाण्यातल्या घोड्याला शिंक सोसत नाही

आमच्या बेटावरच्या ग्रिनाबोस्ट गावच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी आम्ही पाचसहा जण जमतो आणि एखादं पुस्तक मोठ्याने वाचतो. वाचायचं काम माझं. फिरत्या वाचनालयाची गाडी मी आयुष्यभर चालवली, आणि निवृत्त झाले तरी लोक पुस्तकं परत करायला माझ्याच दारात येतात. चहा डोलिनाकडे असतो आणि चुका काढणं मुर्डोकडे.

मुर्डो विणकर. नजर अधू झाली तसा त्याचा माग बंद पडला, तोंड मात्र चालूच राहिलं. गावात त्याला ‘बिशप’ म्हणतात. आमच्या चर्चमध्ये बिशप नसतात आणि असावेत असं कोणाला वाटतही नाही, तेव्हा हे नाव कौतुकाचं नव्हे. डोलिनाचं घर गावाच्या टोकाला, तळ्याच्या वरच्या अंगाला. लग्न केलं नाही. आईवडिलांचं केलं, मेंढ्या सांभाळल्या, कोंबड्या पाळल्या. बोलणं कमी. तिला ईवर नावाचा एक मोठा भाऊ होता हे आमच्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचं नाव निघालं की ती उठून किटली भरायला जायची. मग आम्ही नाव काढणं सोडलं.

त्या हिवाळ्यात मुर्डोच्या पुतणीने ग्लासगोहून एक जाडजूड कादंबरी पाठवली. लेखिकेचं नाव मोर्वेना ग्रेलिंग. मुखपृष्ठावर धुकं, उभे दगड, आणि थंडीने मरेल इतक्या कमी कपड्यांत उभी असलेली लाल केसांची राजकन्या. मागच्या बाजूला ‘केल्टिक’ हा शब्द इतक्यांदा छापला होता की मुर्डो म्हणाला, “बाईला त्या शब्दाचे वेगळे पैसे मिळत असतील.” असल्या पुस्तकांचा तिकडे मुख्य भूमीवर मोठा खप आहे. हे तर म्हणे आमच्याच बेटावर घडत होतं. लांबच्या नातलगाच्या लग्नाला जेवणाला नावं ठेवायला जावं, तसं आम्ही ते वाचायला घेतलं.

सुरुवातीचे गुरुवार मजेत गेले. राजकन्या भर जानेवारीत अनवाणी दलदल तुडवत होती. आमच्या उघड्याबोडक्या बेटावर म्हणे ओकचं जंगल होतं. “कुठंय ते?” मुर्डो विचारायचा. “मला दिसत नाही म्हणून तुम्ही लपवून ठेवलंय का?”

मग पाण्यातला घोडा आला. हा घोडा आमच्याकडच्या प्रत्येक तळ्यात असतो. देखण्या तरुणाचं रूप घेऊन काठावर बसतो, आणि मुलगी जवळ गेली की तिला पाठीवर घेऊन पाण्यात उडी मारतो. केसांत शेवाळ दिसलं की ओळखावं, असं आम्हाला लहानपणी सांगत. त्याच्यावर कशाचा उतारा चालतो ते ज्याचा तो वेगळं सांगतो. लोखंड म्हणतात, बायबलमधलं वचन म्हणतात. या पुस्तकात राजकन्या घोड्यासमोर उभी राहते, डोळे मिटते आणि जोरात शिंकते. तिच्या शिंकेबरोबर घोड्याच्या अंगातलं सगळं पाणी उडून जातं आणि तो काठावर शेवाळाचा ढीग होऊन पडतो.

हॉल हसून हसून वाकला. मुर्डोला ठसका लागला. “हजार वर्षांचा घोडा,” तो म्हणाला, “पूर्वजांना वचनं पाठ करावी लागली, आणि हिने सर्दीवर भागवलं.”

मीही हसत होते. डोळे पुसून वर पाहिलं तर डोलिना चहाची किटली हातात धरून तशीच उभी होती.

“पुढं वाच, शोनग,” ती मला म्हणाली.

पुढे राजकन्या पऱ्यांच्या टेकडीपाशी जाते. टेकडीचं दार उघडायला प्राचीन केल्टिक मंत्र म्हणावा लागतो. मंत्र तिरक्या अक्षरांत वेगळा छापला होता. मी वाचला: “ब्लारग, दुवग, कीरग, घरी चला.”

आता सगळ्यांनाच हसू आवरेना. आमच्या भाषेत ब्लारग म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली, दुवग म्हणजे काळी, कीरग म्हणजे सावळी.

“हा मंत्र नाही गं,” मुर्डो म्हणाला. “हा गोठा आहे. कोणीतरी बाईला गाईंची नावं विकली.”

“आमचा,” डोलिना म्हणाली.

“काय आमचा?”

“गोठा. ब्लारगला आधी बोलवायचं, नाहीतर ती मागून लाथा झाडायची. मग दुवग. कीरग आपणहून यायची, पण नाव घेतलं नाही तर रुसायची.” तिने किटली टेबलावर ठेवली. “शिंकसुद्धा आमचीच. मी लहान होते तेव्हा चुलीतल्या पीटच्या ढेकळांच्या धुराने मला सारख्या शिंका यायच्या. तळ्याकाठून शाळेत जायला मी घाबरायचे. ईवरने सांगितलं, घोड्याला सगळं सोसतं, शिंक सोसत नाही. तू तर शिंकांचं कोठारच आहेस, घोड्यानेच तुला भ्यायला हवं. मग मी जाताना खोट्या खोट्या शिंकत जायचे.”

कोणी हसेना. मुर्डोने हळूच विचारलं, “हे गावात दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं?”

“कोणालाच नाही. शाळेत कळलं असतं तर तुम्ही मला जन्मभर शिंकरी म्हणाला असता.”

“म्हणालोच असतो,” मुर्डो म्हणाला.

ईवरचं काय झालं होतं ते मी थोडक्यात सांगते. त्यांचे वडील चर्चचे पंच. माणूस सरळ, पण एकदा हो म्हटलं की हो आणि नाही म्हटलं की नाही. पऱ्या, जलपऱ्या, घोडे या सगळ्या गोष्टी त्यांच्या लेखी खोटेपणा होता, आणि खोटेपणा म्हणजे सैतानाची चाकरी. ईवरला तर गोष्टीशिवाय श्वास घेता यायचा नाही. मुर्डोच्या वडिलांच्या मागाच्या शेडमध्ये तो गोष्टी सांगायला बसायचा आणि आम्ही पोरं फरशीवर बसून ऐकायचो. एकदा प्रार्थनासभांच्या आठवड्यात वडील तिथे आले, दारातून सगळ्यांना घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला म्हणाले, “या घरात दोन आवाज चालणार नाहीत.” ईवरने बॅग भरली आणि बसने निघून गेला. पहिली काही वर्षं नाताळला त्याचं कार्ड यायचं. मग तेही थांबलं. वडील गेले तेव्हा डोलिनाने शोध घेतला, आई गेली तेव्हा पुन्हा घेतला. पत्ता लागला नाही. तो मेला असंच गावाने धरलं होतं.

त्या संध्याकाळी मी प्रकाशकांना ईमेल लिहिली. बरेच दिवस काही आलं नाही. मग एका दुपारी माझा फोन वाजला.

“मी पॅट स्टब्ज,” इंग्लिश वळणाचा, बाईचा आवाज आला. “मोर्वेना वगैरे नाव प्रकाशकांनी दिलेलं. तुम्ही लोक माझ्याविरुद्ध कोर्टात जाणार आहात का?”

“कोर्ट राहू द्या,” मी म्हटलं. “तो मंत्र तुम्हाला कोणी दिला?”

ती म्हणाली, “मिस्टर मॅकऑली. ईवर मॅकऑली. आमच्याकडे असतात.”

ती ‘असतात’ म्हणाली, ‘असायचे’ म्हणाली नाही.

पॅट मुख्य भूमीवर, पार दक्षिणेला, कॉर्बी गावातल्या एका वृद्धाश्रमात स्वयंपाकीण होती. ईवरने पोलादाच्या कारखान्यात जन्म काढला होता, आणि पक्षाघाताचा झटका आल्यावर तिथे राहायला आला होता. पहिल्या दिवशी तिने त्याच्या लापशीत साखर घातली आणि त्याने वाटी परत पाठवली: मीठ घाल, आमच्या बेटावर मीठच घालतात. तिथून बोलणं सुरू झालं. तिला घरी कोणी नव्हतं, त्याला तिथे कोणी नव्हतं. कामं आटोपल्यावर ती त्याच्यापाशी बसायची आणि तो सांगायचा. तिने गंमत म्हणून लिहायला घेतलं, ते छापलं गेलं आणि खपलं. “मी त्यांना विचारलं होतं हो,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती. “ते म्हणाले, घेऊन जा, माझ्याकडे ठेवायला जागा नाही. पण मंत्र म्हणजे गाई आहेत हे नाही सांगितलं त्यांनी.”

“तेवढी मजा ठेवली असेल स्वतःसाठी,” मी म्हटलं.

मी डोलिनाला सांगायला गेले तेव्हा ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. हातातले दाणे संपल्यावरही हात तसाच हलवत राहिली. मग म्हणाली, “त्याला सांगितलं का तिने?”

पॅटने सांगितलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि म्हणाला, तिला सांग, मी मेलो. थोड्या वेळाने पुन्हा हाक मारून म्हणाला, तसं नको सांगूस, काळे कपडे शिवत बसेल.

“काळे कपडे आहेतच माझ्याकडे,” डोलिना म्हणाली. “बोटीची तिकिटं कधीची मिळतात ते बघ.”

आम्ही दोघी निघालो. बरोबर ओटच्या भाकऱ्या, स्टॉर्नोवे बंदरातल्या खाटकाकडचं काळं पुडिंग, म्हणजे रक्त भरलेलं सॉसेज, आणि लोकरीचे मोजे. मुर्डो काठी टेकत बसथांब्यापर्यंत आला आणि ट्वीडची एक टोपी तिच्या हातात दिली. “त्याच्या डोक्याचं माप आठवत नाही,” म्हणाला. “मोठंच असणार. इतकं सगळं मावायचं त्यात.” बोट, बस आणि मग आगगाड्या बदलत बदलत आम्ही गेलो. वाटेत ती मला एवढंच म्हणाली, “त्याने बाहेर काढलं तर आपण लगेच परत निघू. रविवारी प्रवास नको, देवाचा दिवस.”

पॅट दारात वाट पाहत होती. ठेंगणी, गोल, एप्रन घातलेली, रडून डोळे सुजलेले. मुखपृष्ठावरच्या राजकन्येशी हिचा काही संबंध असेल हे मला खरंच वाटेना. ती आम्हाला खोलीपर्यंत घेऊन गेली.

ईवर खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला, पण नाक आणि हनुवटी हुबेहूब त्यांच्या वडिलांची. त्याने डोलिनाकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

“बसा,” तो इंग्रजीत म्हणाला. गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाला म्हणावं, तसं.

डोलिना आमच्या भाषेत म्हणाली, “बसून बसूनच आलेय इथवर. उभी राहू दे जरा.”

मी आणि पॅट दारात उभ्या. जावं की थांबावं कळेना, आणि खरं सांगते, जावंसं वाटत नव्हतं. अखेरीस तो बोलला, या वेळी आमच्याच भाषेत. सवय गेल्याने शब्द अडखळत होते.

“तू गोठ्यातून बाहेर आली नाहीस.”

“नाही आले.”

“बस येईपर्यंत मी गोठ्याच्या दाराकडे बघत होतो.”

“ठाऊक आहे. फटीतून दिसत होतास.”

“मग?”

“बाहेर आले असते तर तुझ्याबरोबर बसमध्ये चढले असते. कीरगच्या गळ्यात हात घालून उभी होते मी, पाय हलू नयेत म्हणून. मी पण गेले असते तर आईला कोण होतं?”

त्याने चांगला हात कपाळावर ठेवला. “मला वाटलं, तूही बाबांच्या बाजूची.”

“मी कोणाच्याच बाजूची नव्हते रे. मी सतरा वर्षांची होते.”

पॅटला एक शब्द कळत नव्हता, पण ती माझा दंड घट्ट धरून होती. डोलिनाने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली, त्याच्या निर्जीव हाताच्या बाजूला. तो हात उचलून तिने स्वतःच्या मांडीवर ठेवला.

“म्हातारा शेवटी काही बोलला?” त्याने विचारलं.

“शेवटी माणसं ओळखेनासे झाले होते. डॉक्टरला ईवर म्हणून हाक मारायचे.”

“डॉक्टर काय म्हणायचा?”

“ओ द्यायचा. भला माणूस.”

ईवरने तोंड खिडकीकडे वळवलं. मग त्याने नाक फुरफुरवलं आणि विचारलं, “त्या पिशवीत काळं पुडिंग आहे की मला भास होतोय?”

पॅटने ते तळलं. आश्रमभर वास सुटला, आणि ज्या म्हाताऱ्यांना जेवायला हजार विनवण्या कराव्या लागत ते आपणहून ताटल्या घेऊन आले.

सगळं तिथेच गोड झालं असं नाही. डोलिनाने घरी चल म्हटलं तर तो बिथरला. “लोकांना तमाशा हवाय का? बापाने घालवलेला लुळा होऊन परत आला?” ती विनवणी करणाऱ्यांतली नाही. पॅटच्या घरी एक खोली रिकामी होती, तिथे मुक्काम ठोकला, मला परत पाठवून दिलं, आणि रोज सकाळी त्याच्यापाशी जाऊन बसू लागली. दोघं म्हणे दिवसभर भांडायची. आजोबांच्या होडीचा रंग कोणता होता, कोणत्या गाईला किती वासरं झाली, यावरून. एके दिवशी भांडता भांडता त्याने विचारलं, “मागच्या खोलीचं छप्पर अजून गळतं का?”

“दक्षिणेकडून.”

“गळणारच. बाबांनी तिथल्या पाट्या चुकीच्या बसवल्या होत्या. मी तेव्हाच म्हणालो होतो.”

“मग येऊन बघ.”

“बघू,” तो म्हणाला. “हवा जरा उघडू दे.”

मे महिन्यात तो आला. पॅटने रजा काढली आणि त्याला सोडायला स्वतः आली. बोट लागून ती इतकी बेजार झाली की धक्क्यावर उतरल्यावर त्याच्या खुर्चीला ती ढकलत होती की खुर्चीच्या आधाराने ती चालत होती, सांगता आलं नसतं. थांब्यावर निम्मं गाव उभं होतं. कोणी काही विशेष बोललं नाही. हवेबद्दल बोलले, बोट वेळेवर आली का ते विचारलं. मुर्डो पुढे झाला, ईवरच्या डोक्याला हात लावून टोपी बघितली आणि म्हणाला, “बसली म्हणायची.”

“घट्ट होते,” ईवर म्हणाला.

“डोकं कमी कर.”

गुरुवारी आम्ही पॅटला हॉलमध्ये बोलावलं. ती बिचारी घरी आलेल्या पाहुणीसारखी नाही, चौकशीला आणलेल्या माणसासारखी बसली होती. मुर्डोने घसा साफ केला. “तुमची सगळी पुस्तकं मी पुतणीकडून मागवून ऐकली,” तो म्हणाला. “वाईट आहेत.”

“मला माहीत आहे,” पॅट म्हणाली. “मी हे बेट पाहिलंच नव्हतं. ते सांगायचे ते मी डोळ्यांसमोर आणायचे, आणि डोळ्यांसमोर आमच्या गावामागचं ओकचं रानच यायचं.”

“असं होय,” मुर्डो म्हणाला. मग बशी तिच्याकडे सरकवली. “स्कोन घ्या. पुढचं कधी येणार?”

पुढच्या पुस्तकावर तिला ईवरचं नाव घालायचं होतं. तो म्हणाला, घालायचंच तर डोलिनाचं घाल. डोलिनाने मुखपृष्ठावरच्या राजकन्येच्या उघड्या खांद्यांकडे एकवार पाहिलं आणि सांगितलं की असल्या बाईच्या वर तिचं नाव दिसलं तर ती पॅटला पुन्हा घरात घेणार नाही. शेवटी दोघांपैकी कोणाचंच नाव पडलं नाही. पण आता पॅट प्रत्येक प्रकरण आधी आम्हाला पाठवते. ओकचं जंगल गेलं. राजकन्येला बूट मिळाले.

ईवर दोन हिवाळे मागच्या खोलीत राहिला. छप्पर त्याने खुर्चीत बसून ओरडून ओरडून दुरुस्त करून घेतलं. चर्चला तो कधी गेला नाही, आणि डोलिनाने त्याला चल म्हटलं नाही. रविवारी ती एकटी जायची, आणि परत आल्यावर त्याला कोणतं स्तोत्र म्हटलं ते सांगायची. कुठल्या ओळीवर सूर घसरला तेही सांगायची, कारण तो विचारायचाच. शाळेतली मुलं संध्याकाळी त्याच्याकडे गोष्टी ऐकायला येत. नवे पाद्रीसाहेब एकदा आपल्या मुलीला न्यायला आले ते तासभर बसले. बाहेर पडताना डोलिनाला म्हणाले, “चांगलं सांगतात.” ती म्हणाली, “पूर्वीपासून सांगतो.”

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, एका सकाळी ती कोंबड्यांचं पाणी बदलून आत आली तर तो गेला होता. चहा अर्धा प्यायलेला. आमच्याकडे पुरुष आळीपाळीने खांदा देत शवपेटी चालत नेतात. मुर्डोला वाट दिसत नव्हती, तरी पाळी सोडायला तो तयार झाला नाही. पाद्रीसाहेबांनी त्याचं कोपर धरून त्याला चालवलं. पॅट आदल्या दिवशीच्या बोटीने आली होती. बायका फाटकापाशी थांबतात, तिथे ती डोलिनाच्या शेजारी उभी राहिली. अंत्ययात्रा वळणापलीकडे गेल्यावर डोलिना म्हणाली, “चल, इतकी माणसं जेवायची आहेत, बटाटे सोलायला घे.” दोघी आत गेल्या.

मला वाटलं होतं की आता डोलिना पुन्हा पहिल्यासारखी गप्प होईल. तसं झालं नाही. तिचं बोलणं वाढलंय, आणि त्यातलं बरंचसं तक्रारीचं आहे. दर ऑक्टोबरला ती पॅटकडे राहायला जाते. तिथे ईवरच्या ओळखीचे दोनतीन म्हातारे अजून आहेत, त्यांच्यासाठी पिशवीभर काळं पुडिंग नेते. परत आली की आठवडाभर तिथल्या पाण्याला नावं ठेवते. त्या पाण्यात चहा म्हणे काळा होतच नाही. यंदा मी विचारलं, इतका त्रास होतो तर जातेस कशाला? तिने माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तसं बघितलं.

“पॅट एकटी असते ना तिकडे,” ती म्हणाली.